हिरडा, कातडे आणि प्रयोगशाळा

आपल्या चळवळीने इतिहास लिहायला घेतला तेव्हा तळ्याचा लिहिला, मंदिरप्रवेशाचा लिहिला, वतनाचा लिहिला, गावकुसाबाहेरच्या उपासमारीचा लिहिला. ते सारे लिहिणे आवश्यकच होते. परंतु स्वातंत्र्याच्या आगेमागे या देशात जी नवी सत्तास्थाने उभी राहिली त्यांचा इतिहास आपण जवळजवळ लिहिलाच नाही. प्रयोगशाळा हे असे एक सत्तास्थान आहे. तेथे लाठी घेऊन कोणी उभा नसतो, पाणवठा वेगळा नसतो, दारात कोणी कुळी विचारीत नाही. म्हणून तेथे जात नाही, असे आपण धरून चालतो. मी स्वतः आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि हा समज बराच काळ बाळगला. आज तो तपासून पाहायचा आहे. त्यासाठी समोर घेतली आहे ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. सगळा देश तिला सी.एस.आय.आर. म्हणून ओळखतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या तिच्या सदतीस प्रयोगशाळा आहेत आणि पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही त्यांतली अगदी आरंभीची.

पण सुरुवात पाषाणपासून करता येत नाही. ती वारूळवाडीपासून करावी लागते.

वारूळवाडी हे जुन्नर तालुक्यातले, नारायणगावला चिकटून असलेले, मीना नदीकाठचे गाव. आज या भागात विज्ञान म्हटले की लोकांना खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आठवतात. फेब्रुवारीच्या २८ तारखेला शाळा-शाळांच्या गाड्या तिकडे धावतात. (ती दुर्बीण या परिषदेची नव्हे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, पण मुलांना हा फरक कोण सांगणार?) माझ्या लहानपणी खोडदला नुसती शेते होती आणि आमच्या वस्तीत विज्ञान हा शब्दही नव्हता. माझा आजा ढोर. मीनेच्या कडेला, गावाच्या वाऱ्याच्या खाली, त्याची कातडी कमावण्याची कुंडे होती. गावातले वाण्याचे पोरगेही त्याला अरे-तुरे करी आणि तो पोराला अहो-जाहो करी. बैलगाडीची चऱ्हाटे असोत, मोटेची सोंड असो वा गावच्या पाटलाच्या पायातली वहाण असो, चामडे म्हणून जे काही लागे ते आजाच्या कुंडातून गेलेले असे. सोंडेतून पडलेले पाणी उसाला चाले, कोथिंबिरीला चाले. ती सोंड ज्याने कमावली त्याच्या हातचे पाणी चालत नसे.

आजाच्या कामाला दोन गोष्टी लागत. एक बाभळीची साल, ती गावातच मिळे. दुसरा हिरडा. तो यायचा पश्चिमेकडून, नाणेघाट आणि आहुप्याच्या डोंगरातून. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा हा पश्चिम पट्टा महादेव कोळी आदिवासींचा. उन्हाळ्याच्या तोंडी बायामाणसे हिरड्याच्या झाडावर चढून फळ झोडपतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याच्या नाहीतर सरकारी खरेदीच्या काट्यावर घालतात. कोवळा वाळवला की तो बाळहिरडा, त्याला औषधाचा भाव. जून, पक्का झाला की तो कातड्याच्या कामाचा. म्हणजे डोंगरातल्या आदिवासीचा हिरडा आणि गावकुसाबाहेरच्या ढोराचे कुंड यांची गाठ व्यापाऱ्याच्या गोणीत पडे; माणसांची गाठ मात्र पडत नसे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा आदिवासींच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहिला आणि पुष्कळ शहरी लोकांना प्रथमच कळले की हिरड्यावर माणसे जगतात.

आजाची रीत थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार तीच आहे. आलेले कातडे आधी मिठात धरायचे, मग धुऊन चुन्याच्या कुंडात टाकायचे. चुन्याने केस सुटतात, कातडे फुगते. मग ते आडव्या लाकडावर घालून खरवडायचे. केस एका बाजूने, मांस दुसऱ्या बाजूने. मग चुना काढायचा. मग सालीचे आणि हिरड्याचे पाणी. शेवटी कातडे शिवून त्याची पखालीसारखी पिशवी करायची, ती तिवईला टांगायची, आत सालीचे पाणी भरायचे आणि खाली ठिबकलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. यात दिवस मोजून जात नसत. कातडे कापून कडेचा रंग पाहायचा आणि मध्यभागी कच्ची पांढरी रेघ उरली नाही की काढायचे.

पुढे मी पुस्तकात वाचले की बाभळीच्या सालीतले टॅनिन आणि हिरड्यातले टॅनिन ही दोन वेगळ्या घराण्यांची द्रव्ये आहेत. साल कातड्याला भरीवपणा आणि तांबूस रंग देते. हिरडा रंग उजळ ठेवतो आणि त्याचे पाणी आंबून जी आम्लता येते ती उरलासुरला चुना मारते. दोन्ही एकत्र वापरणे हा पक्का रासायनिक निर्णय आहे. आजाने तो कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. त्याला अक्षरही येत नव्हते. त्याला येऊ दिले नव्हते, असे म्हणणे जास्त बरोबर. परंतु किती सालीला किती हिरडा, पावसाळ्यात किती, हिवाळ्यात किती, म्हशीच्या कातड्याला किती आणि शेळीच्या कातड्याला किती, हे त्याच्या तळहातात होते. या ज्ञानाला समाजाने नाव दिले: घाण.

कारागिराचे ज्ञान आणि कारागिराची प्रतिष्ठा यांची अशी फारकत या भूमीत पहिल्यापासून होती काय? आमच्याच तालुक्याचे दगड याला साक्ष देत नाहीत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. त्यांतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कांस्यकारांची श्रेणी आहे, वेळूकाम करणाऱ्यांचीही श्रेणी आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. या संघांकडे विहारासाठी दानाची ठेव सोपवली जाई. विचार करा, वेळू विणणाऱ्यांच्या संघाकडे धर्मकार्याचा पैसा विश्वासाने ठेवला जात होता आणि ते दगडावर कोरले जात होते! त्या वेळूकाम करणाऱ्यांचा धंदा आज करणारा बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. श्रेणीची जात कशी झाली, विश्वस्ताचा अस्पृश्य कसा झाला, हा एक स्वतंत्र इतिहास आहे. येथे इतकेच नोंदवतो की हाताच्या ज्ञानाचा अवमान ही काही निसर्गाची व्यवस्था नव्हती.

आता परिषदेकडे येऊ.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, विलायतेहून येणारा माल अडला आणि ब्रिटिश सरकारला एकाएकी हिंदुस्थानात संशोधन हवे झाले. १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाचे मंडळ नेमले गेले, त्याची सूत्रे शांतिस्वरूप भटनागर या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा व्यापार खाते सांभाळणारे आर्कोट रामस्वामी मुदलियार यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपयांच्या निधीचा ठराव मंजूर करून घेतला. मुदलियार हे मद्रासच्या जस्टिस पक्षाचे, म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी. परिषदेच्या गौरवग्रंथांत त्यांचा हा राजकीय वारसा फारसा कोणी सांगत नाही. २६ सप्टेंबर १९४२ रोजी परिषदेची संस्था म्हणून नोंदणी झाली.

याच १९४२ च्या जुलैमध्ये त्याच कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले होते. आणि परिषदेच्या नोंदणीनंतर तेहतीस दिवसांनी, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. त्यांचे म्हणणे असे की, कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या मुलांचे फारसे भले होणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते इतके महाग आहे की सरकारी मदतीवाचून ते आमच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून त्यांनी देशातल्या विद्यापीठांत व तांत्रिक संस्थांत विज्ञान आणि तंत्रविद्या शिकणाऱ्यांसाठी दरसाल दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये मागितले. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, हीही मागणी त्यात होती.

स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित असलेला हा माणूस आपल्या समाजाला विज्ञानाकडे जा म्हणतो आहे, आणि तेही सरकार विज्ञानाची संस्था उभारत असताना! एक कागद सांगतो, देशाला प्रयोगशाळा पाहिजेत. दुसरा विचारतो, त्या प्रयोगशाळांत कोण असेल? पहिल्या कागदाला दरसाल दहा लाख मिळाले. दुसऱ्याने तीन लाख मागितले. त्यातून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि त्यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, मीही शिकलो. परंतु हे दोन कागद कधी एकत्र ठेवले गेले नाहीत. प्रयोगशाळांची योजना करणाऱ्यांना शिष्यवृत्तीचा कागद आपला वाटला नाही. तो ‘कल्याणा’च्या फायलीत गेला. विज्ञान राष्ट्राच्या उभारणीत आणि दलित कल्याणाच्या खात्यात, ही वाटणी तेव्हाच झाली असे माझे मत आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबईचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. त्यानंतर तेवीस दिवसांनी संविधान अंमलात आले आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पहिले दोन संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते; १९५७ मध्ये रंगद्रव्यांचे मोठे अभ्यासक कृष्णस्वामी वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. या प्रयोगशाळेने देशाला पुष्कळ दिले, औषधे दिली, कीटकनाशके दिली, उत्प्रेरके दिली. ते नाकारणे हा करंटेपणा होईल.

परंतु माझ्या आजाच्या कुंडाशी ज्या प्रयोगशाळेचा थेट संबंध होता ती पुण्याला नव्हती, मद्रासला होती. १९४८ मध्ये परिषदेने तेथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन केली. मद्रासचीच निवड का? कारण अर्धवट कमावलेली कातडी विलायतेला पाठवण्याचा मोठा व्यापार तेथे होता आणि तो तरवडाच्या सालीवर चाले. तरवड, बाभूळ, हिरडा या साऱ्यांवर तेथे पद्धतशीर काम झाले. कुठल्या सालीत किती टॅनिन, ते कातड्यात किती वेगाने शिरते, महिन्याचे काम दिवसांवर कसे आणता येईल, मेलेल्या जनावराचे चरबी-हाडासकट सर्व भाग वाया न घालवता कसे वापरता येतील, असे ते प्रश्न होते. या संस्थेचे नाव जगभर झाले ते यलवर्ती नायुडम्मा यांच्यामुळे. आंध्रातल्या शेतकरी कुटुंबातला हा माणूस अमेरिकेतून चर्मशास्त्राची पदवी घेऊन आला, संस्थेचा संचालक झाला, १९७१ ते १९७७ या काळात साऱ्या परिषदेचा महासंचालक झाला. १९८५ च्या कनिष्क विमानाच्या घातपातात त्यांचा अंत झाला. नायुडम्मांनी कातड्याचे काम स्वतःच्या हाताने केले, खेड्यांतल्या चर्मकारांपर्यंत तंत्र नेण्याचा आग्रह धरला. त्यांच्याविषयी मला आदर आहे.

आणि तरीही प्रश्न उरतो. सवर्ण घरातला मुलगा कातड्याला हात लावतो तेव्हा तो शास्त्रज्ञ होतो; ढोराचा मुलगा त्याच कातड्याला हात लावतो तेव्हा तो ढोरच राहतो. प्रयोगशाळेने कातड्याचा विटाळ धुऊन काढला. चामडे परकीय चलन मिळवू लागले, १९७३ पासून कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर निर्बंध आले आणि तयार चामड्याला उत्तेजन मिळाले, क्रोमच्या पिंपांनी सालीच्या कुंडाची जागा घेतली. वस्तू शुद्ध झाली. वस्तूला हजार वर्षे हात लावणारा माणूस मात्र जिथल्या तिथे राहिला आणि त्याच्या कुंडाला आता गिऱ्हाईकही उरले नाही. आजाचे शेवटचे कुंड आम्ही दगडमातीने बुजवले तेव्हा मी शाळेत होतो. कुंड बुजले याचे मला दुःख झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्या वासातून सुटका झाली म्हणून मी आनंदलो होतो.

येथे आपल्या चळवळीतल्या एका अवघड जागेला हात घालावा लागतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे सांगितले. गावोगावच्या महारांनी ते सोडले आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्यावर शहाण्यासुरत्यांनी हिशेब मांडला की कातडी, शिंगे, हाडे यांचे एवढे-एवढे उत्पन्न हे लोक बुडवत आहेत. हा हिशेब ‘केसरी’त छापून येत असे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली आहे. संगमनेरच्या सभेत हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. संगमनेर आमच्यापासून फार दूर नाही, पुणे-नाशिक रस्त्यावरचे पुढचे मोठे गाव. त्यांचे उत्तर असे की एवढा फायदा आहे तर तुम्हीच का घेत नाही? वर पदरचे पैसे आम्ही देऊ. या उत्तराला प्रतिवाद नाही. फायदा सांगणारे ढोर ओढायला पुढे आले नाहीत.

पण आपण हेही मान्य केले पाहिजे की त्या ढोरावर आपल्यातच पायऱ्या होत्या. ओढणारा महार, कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. आणि शिवणारा कमावणाऱ्याच्या घरी जेवत नसे, कमावणारा ओढणाऱ्याच्या. आमच्या घरी कक्कय्याचे नाव घेत, बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या मेळ्यात बसलेला हा आमचा पूर्वज. आणि त्याच तोंडाने शेजारच्या वस्तीचे पाणी नाकारीत. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द मी नंतर वाचला. ती मी आधी घरात पाहिली होती. म्हणून काम सोडण्याचा बाबासाहेबांचा आदेश हा मेलेल्या जनावरापुरता नव्हता, या उतरंडीतून बाहेर पडण्याचा होता, आणि तो बरोबरच होता. प्रश्न वेगळा आहे. काम सोडले म्हणजे त्या कामातल्या ज्ञानावरचा हक्कही सोडला काय? आपण कुंडातून बाहेर पडलो, पण कुंडाचे शास्त्र जेथे गेले तेथे आपण पोहोचलो का?

पोहोचण्याचा रस्ता कसा होता तो पाहू. संविधानाच्या ३३५ व्या कलमात अनुसूचित जातींचे नोकऱ्यांवरील हक्क प्रशासनाच्या कार्यक्षमतेशी सुसंगत राहून विचारात घ्यावेत असे म्हटले आहे. ही ‘कार्यक्षमता’ प्रयोगशाळेच्या दारात विशेष जागरूक झाली. कोणती पदे वैज्ञानिक वा तांत्रिक मानायची हे १९६१ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयाने ठरवले. जून १९७५ च्या सरकारी आदेशानुसार, जी पदे प्रथम वर्गाच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर आहेत आणि जी संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाचे नियोजन, मार्गदर्शन व संचालन करण्यासाठी आहेत, ती आरक्षणातून वगळता येतात. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. शिपाई, प्रयोगशाळा-मदतनीस, कारकून, तंत्रज्ञ येथे राखीव जागा आहेत. शास्त्रज्ञाच्या पहिल्या पायरीवरही आहेत. त्याच्या वर, जेथे कशावर संशोधन करायचे हे ठरते, तेथे सूट. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही संशोधन संस्थांतील तांत्रिक पदे, प्राध्यापक, अतिविशेष वैद्यक, वैमानिक अशा काही जागी आरक्षण ठेवणे उचित ठरणार नाही असे मत नोंदवले. म्हणजे चुना ढवळायला आम्ही चालतो. चुना किती घालायचा हे ठरवायला गुणवत्ता लागते. माझ्या आजाला अक्षर येत नव्हते, पण चुना किती घालायचा हे तोच ठरवीत असे!

एक स्वतःची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. तरुणपणी एका संशोधन संस्थेत मुलाखतीला गेलो होतो; संस्थेचे नाव सांगत नाही, ती या परिषदेचीच होती असेही कोणी समजू नये. विषय होता वनस्पतिजन्य टॅनिन. उत्तरे बरी चालली होती. मग एकाने सहज विचारले, ‘‘या विषयाची आवड कशी लागली?’’ मी म्हणालो, ‘‘आजोबा कातडी कमावत.’’ खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. पुढचा प्रश्न माझ्या गावाच्या पावसाविषयी होता. निवड झाली नाही. गुणवत्तेने झाली नसेल, मी वाद घालीत नाही. पण माझ्या त्या उत्तरात अनुभवाची तीन पिढ्यांची पुंजी होती आणि ऐकणाऱ्यांना त्यात फक्त जात ऐकू आली.

परिषदेच्या इतिहासात असे अपमान गिळून मोठे झालेले लोक आहेतच. मेघनाद साहा हे खेड्यातल्या गरीब दुकानदाराचे पुत्र. बंगालमध्ये खालची मानलेली त्यांची जात. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसणे नाकारले होते. तारकांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे त्यांचे समीकरण साऱ्या जगाने स्वीकारले. १९५२ मध्ये याच परिषदेने पंचांगसुधारणेसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष साहाच होते आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताचे राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. ज्याला सरस्वतीपूजेच्या वेळी दूर ठेवले, त्याने पुरोहितांच्या पंचांगातली चूक दुरुस्त केली. साहांची परिषदेवर टीकाही होती: पैसा आणि माणसे सरकारी प्रयोगशाळांत ओढली जातात आणि विद्यापीठे सुकतात, असे ते म्हणत. दलित विद्यार्थी जर कोठे विज्ञानाला भिडणार असेल तर तो विद्यापीठात आणि तालुक्याच्या महाविद्यालयातच भिडणार. तेथली प्रयोगशाळा सुकली तर वरच्या प्रयोगशाळेचे दार उघडे असून उपयोग काय? आमच्यासारख्या शिक्षकांनी एका तराजूवर तीस मुले आळीपाळीने उभी केली आहेत. साहांचे म्हणणे आम्हाला दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्ञानाच्या हक्काचा दुसरा पदर. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्यानंतर पुण्याची प्रयोगशाळा सोडून परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. साऱ्या देशाला आनंद झाला, मलाही झाला. माशेलकर हे स्वतः गिरगावच्या चाळीत, विधवा आईच्या कष्टांवर शिकलेले. त्यांच्या लढ्यात आजीबाईच्या बटव्याविषयी खरी कळकळ होती. पण पुरावा म्हणून काय मान्य झाले? संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख. पेटंटचा कायदाच तसा आहे, लिहिलेले दाखवा म्हणतो. म्हणून २००१ पासून परिषदेने पारंपरिक ज्ञानाचा मोठा संगणकीय संग्रह उभारला. तो आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या ग्रंथांवर आधारलेला आहे. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतून लाखो कृती त्यात आल्या.

येथे मी थांबतो, कारण येथे आमचे दुखणे आहे. हिरडा त्या संग्रहात हरीतकी म्हणून बसतो, वैद्याच्या पंक्तीला. आजाचा हिरडा, सालीच्या पाण्यातला, कुंडातला, त्याला ग्रंथ कुठला? ज्यांना लिहिण्याची बंदी होती त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणे हा न्यायाचा केवढा विपर्यास आहे! संग्रह औषधांचा होता, चामड्याचा नव्हता, हे मला कळते. पण मग प्रश्न असा की पारंपरिक ज्ञान वाचवायचे ठरले तेव्हा प्रथम ग्रंथच का आठवले? ढोराचे कुंड, कुंभाराची भट्टी, बुरुडाचा वेळू, मातंगाचा दोर, डोंगरातल्या बाईचा हिरडा यांची नोंद करायला वही घेऊन किती शास्त्रज्ञ वस्त्यांवर आले? आमच्या वस्तीवर तरी आलेला मला आठवत नाही.

वेळूचे उदाहरण तर फारच बोलके. काही वेळू कित्येक दशकांनी एकदाच फुलतात आणि फुलले की मरतात. १९९० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळूचे रोप काचेच्या नळीत काही महिन्यांत फुलवून दाखवले. ‘नेचर’ या नियतकालिकात ते छापून आले, जगभर कौतुक झाले. काम अस्सल होते. त्या वेळी मी एका बुरूड विद्यार्थ्याला ती बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘‘सर, वेळू फुलला की आमच्याकडे रडतात.’’ पुढे कित्येक वर्षे चांगली कांब मिळत नाही, म्हणून. वेळूच्या फुलण्याचा हा अर्थ त्या लेखात असण्याचे कारण नव्हते, पण तो माहीत असलेला एखादा माणूस त्या खोलीत असता तर पुढचा प्रश्न कदाचित वेगळा विचारला गेला असता.

महाराष्ट्र सरकारने १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी महामंडळ काढले. आज ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. याच महामंडळाने कर्नाटकाच्या महामंडळाबरोबर कोल्हापुरी चपलेसाठी अर्ज केला आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही राज्यांतले चार-चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या मंचावर तीच चप्पल नाव न घेता मिरवली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप योग्यच. पण त्यात चपलेचा आणि कोल्हापूरचा अभिमान जितका होता, तितकी ती चपल ज्या कमावलेल्या कातड्याची होते त्या कुंडावरच्या माणसाची आठवण नव्हती. कोल्हापुरीचे चामडे सालीचेच असते, क्रोमचे नव्हे. म्हणजे ज्याला आम्ही मागासलेली रीत म्हणून बुजवली, तिलाच आज जग पर्यावरणाला कमी जाचक म्हणून किंमत देते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी शेवटच्या वर्गाचे प्रात्यक्षिक घेत होतो. टॅनिनची ओळखपरीक्षा. अर्कात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. एका घराण्याचे टॅनिन असेल तर निळसर काळे, दुसऱ्याचे असेल तर हिरवट काळे. हिरडा आहुप्याच्या एका मुलीने घरून आणला होता, आईने झोडपलेला. बाभळीची साल मी वारूळवाडीहून नेली होती, जेथे आमची कुंडे होती त्याच ओढ्याकडेची. एका परीक्षानळीत निळे-काळे उतरले, दुसरीत हिरवे-काळे. मुलांनी वह्यांत निरीक्षण लिहिले. मी त्यांना सांगितले की चामडे काळे करायचे असले की माझा आजा हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकीत असे, म्हणजे लोहच. ही परीक्षा तो रोज करीत होता. आहुप्याच्या मुलीने विचारले, ‘‘सर, मग हे वहीत कुणाच्या नावावर लिहायचं?’’ मी तिला ढोर हा शब्द लिहायला सांगितला, आणि शेजारी महादेव कोळी. बाह्य परीक्षकांनी त्या पानावर सही केली, पण त्या दोन शब्दांवर लाल रेघ ओढली.